साठवण व वाहतूक यांचा खरा खर्च कसा काढावा?

उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो व पुढे पावसाळाभर चाळीत राहतो. या काळात त्यातील पाणी उडून वजन घटते, दमट हवेने काही कांदा सडतो व काहींस कोंब फुटतात. म्हणून साठवणीचा खर्च चाळीत घातलेल्या मालावर न काढता, बाहेर निघालेल्या विक्रीयोग्य मालावर काढला पाहिजे.

समजा, 100 क्विंटल कांदा साठविला. काढणीच्या वेळचा भाव क्विंटलास 1,000 रुपये होता. जुन्या चाळीचा घसारा, दुरुस्ती व मजुरी मिळून 6,000 रुपये आणि चार महिन्यांचे व्याज 4,000 रुपये धरले, तर एकूण 1,10,000 रुपये गुंतले. चार महिन्यांनी 75 क्विंटल चांगला माल निघाल्यास तो क्विंटलास सुमारे 1,467 रुपयांस पडतो. तळापासून हवा खेळेल अशा उंच चाळीस 4,000 रुपये अधिक लागून 85 क्विंटल माल हाती आला, तर तोच कांदा सुमारे 1,341 रुपयांस पडतो. महाग दिसणारी चाळ येथे स्वस्त ठरते. विक्रीचा खर्च जाऊन एवढाही भाव मिळण्याची आशा नसेल, तर कांदा साठवू नये.

वाहतुकीचेही असेच आहे. एका गाडीचे भाडे क्विंटलास 100 रुपये आहे. परंतु पाचांपैकी एक खेप उशिरा पोहोचून क्विंटलामागे 300 रुपये कमी मिळतात. हे नुकसान पाच खेपांवर वाटल्यास भाडे 160 रुपये पडते. वेळेवर पोहोचणारी 130 रुपयांची गाडी त्याहून स्वस्त होय. शिवाय ज्या शेतकऱ्याची वर्षात एकच खेप असते, त्यास सरासरीचा आधार नसतो. ती खेप चुकली, तर सारे नुकसान त्याच्या एकट्याच्या पदरी पडते.

वरील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. शेतकरी बंधूंनी आपले आकडे स्वतः जमवावेत. जाळीदार पिशवीत 10 किलो कांदा भरून तो ढिगात ठेवावा. दर पंधरवड्यास खराब कांदा वेगळा काढून उरलेला तोलावा व वजन वहीत मांडावे. प्रत्येक खेपेची निघण्याची व पोहोचण्याची वेळ, भाडे, हमाली व मिळालेला भाव यांचीही नोंद करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जुन्या व सुधारित चाळींच्या अशा वह्या शेजारी ठेवून गावकऱ्यांसमोर वाचून दाखवाव्यात. कोणती चाळ बांधावी व कोणती गाडी ठरवावी, हे त्यावरून स्पष्ट होईल.