व्हर्च्युअल असिस्टंट व्हायचंय? पहिला क्लायंट ओळखीतच शोधा

घरी बसून, लॅपटॉपवर दुसऱ्याच्या व्यवसायाची रोजची कामं सांभाळणारा माणूस म्हणजे व्हर्च्युअल असिस्टंट. ई-मेलना उत्तरं देणं, भेटींच्या वेळा ठरवणं, बिलं पाठवणं, थकलेल्या पैशांची आठवण करून देणं अशी ही कामं. अनेक मुलंमुली हौसेनं त्याचा कोर्स करतात, प्रमाणपत्रही मिळतं. गाडी अडते ती पहिल्या क्लायंटपाशी.

बहुतेक जण थेट अपवर्क किंवा फायवर अशा ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या साइटवर प्रोफाइल उघडतात. तिथं त्याच कामासाठी जगभरातले अनुभवी लोक उभे असतात आणि नवख्याच्या नावापुढे एकही अभिप्राय नसतो. हे काम विश्वासाचं आहे. आपल्या ग्राहकांची यादी आणि बिलं कुणीही सहजासहजी परक्याच्या हाती देत नाही. म्हणून पहिला क्लायंट तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना ओळखणाऱ्या माणसांतच शोधा.

आधी अडचण ओळखा

वहीत वीस नावं लिहा. ओळखीचे सीए, दातांचे डॉक्टर, क्लासचे सर, होमस्टे चालवणारी मावशी. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहा: यांचं कोणतं काम रोज मागे पडतं?

कोकणातल्या हापूस बागायतदाराचंच घ्या. मार्च ते मे त्याचा फोन शांत नसतो. व्हॉट्सॲपवर कुणी नुसतं ‘दोन पेट्या’ लिहितं, कुणी पत्ता व्हॉइस नोटमध्ये सांगतं, कुणी पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट टाकतं पण नाव लिहीत नाही. बागायतदार दिवसभर बागेत. त्याला हवी असते एक साधी गुगल शीट: नाव, पत्ता, किती डझन, पैसे आले का, पेटी कधी निघाली, पोहोचली का. शिवाय रोज रात्री उद्याच्या पेट्यांची यादी. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये लेबलं आणि तयार उत्तरांची सोय आहे, तीही लावून देता येते. काल्पनिक नावांच्या दहा ऑर्डरी भरून अशी शीट तयार करा. ती तुमच्या कामाचा पहिला नमुना.

निरोप थोडक्यात लिहा

‘मी सगळी कामं करते’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही. त्यापेक्षा असं लिहा:

‘नमस्कार काका, मी शेजारच्या वाडीतल्या भाऊंची मुलगी, टी.वाय.बी.कॉम.ला आहे. सीझनमध्ये ऑर्डरी लिहून घेताना तुमची किती धावपळ होते, ते पाहिलंय. ऑर्डर, पैसे आणि पत्ते एकाच जागी दिसतील असा तक्ता केलाय, सोबत पाठवते. एक आठवडा मी तो सांभाळेन. त्याचे किती घेईन ते फोनवर सांगते. रविवारी सकाळी फोन करू का?’

उत्तर नाही आलं, तर चार-पाच दिवसांनी एकदा आठवण करा. नमुना फुकट द्यावा, काम मात्र फुकट करू नये. आठवड्याला किती तास लागतील याचा अंदाज घ्या, तासाचा दर ठरवा आणि त्यावरून महिन्याची रक्कम सांगा. कोणती कामं, कोणत्या वेळेत, पैसे कोणत्या तारखेला, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी असू द्या.

पासवर्ड मागू नका. तो न घेताही दुसऱ्याचा इनबॉक्स सांभाळण्याची सोय जीमेलमध्ये आहे. कॅलेंडरही शेअर करता येतं. बँकेच्या ओटीपीशी आपला संबंध नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. त्यानं विश्वास वाढतो.

पालकांसाठी

तुमची काळजी रास्त आहे. काम देण्याआधी नोंदणी शुल्क मागणारा क्लायंट नसतो. डेटा एंट्रीच्या नावाखाली पैसे घ्यायचे, मग चुका काढून वकिलाच्या नोटिशीची धमकी द्यायची आणि दंड मागायचा, हा फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे. ‘आमचे पैसे तुमच्या खात्यात घ्या आणि पुढे पाठवा’ असं कुणी म्हणालं, तर साफ नकार द्या. त्यातून मूल पोलिसांच्या चौकशीत अडकू शकतं. फसवणूक झालीच, तर मुलाला न रागावता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

परदेशी क्लायंट घेण्याआधी घड्याळ पाहा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३० आणि हिवाळ्यात ७.३० झालेले असतात. परीक्षेच्या वर्षात हे झेपेल का, ते घरात बसून ठरवा. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. तरी प्रत्येक बिल जपून ठेवा, मिळकतीचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिहा.

पहिल्या महिन्यानंतर

काम नीट झालं की क्लायंटकडून दोन ओळींचा लेखी अभिप्राय घ्या आणि विचारा, ‘तुमच्या ओळखीत आणखी कुणाला अशी मदत हवी आहे का?’ दुसरा क्लायंट बहुधा याच प्रश्नातून मिळतो. तो अभिप्राय हाती आला की मग लिंक्डइन आणि अपवर्ककडे वळा.

पदवी मात्र सोडू नका. ठरावीक साच्यातली उत्तरं आता एआय लिहून देतं. कोणता ग्राहक नाराज आहे, कोणती ऑर्डर आजच निघायला हवी, हे ओळखणाऱ्या माणसाची गरज राहणार आहे. हिशेब, टॅली, जीएसटी यांतलं एक तरी नीट शिकलात, तर आज ऑर्डरी लिहिणारा हात उद्या एखाद्या व्यवसायाचा पूर्ण कारभार सांभाळू शकेल. सुरुवात त्या वीस नावांपासून करा, आणि ती यादी घरच्यांबरोबर बसून लिहा.