गर्भातच कळलं तर? (आदिपर्व)



आजचं वाचन आदिपर्वातलं. व्यास अंबिकेच्या महालातून बाहेर येतात. सत्यवती विचारते, मुलगा कसा होईल? ते सांगतात, दहा हजार हत्तींच्या बळाचा, विद्वान, पण आईच्या दोषामुळे आंधळा. (दोष आईचाच! हे तेव्हापासूनचं.) सत्यवती लगेच म्हणते, आंधळा कुरूंचा राजा शोभणार नाही, दुसरा दे. बळ, विद्या सगळं कानावर पडूनही तिला एकच शब्द ऐकू आला.

परवा सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला गेले होते. बाहेर गुलाल उधळत होता आणि माझी मावसबहीण फाईल घेऊन ओसरीवर बसलेली. चौथा महिना. रक्ताच्या तपासणीत बाळाला डाऊन सिंड्रोम असेल अशी शंका आलीय, आता गर्भजल तपासायला दिलंय. "ताई, तू रोज वाचतेस ना, मग सांग काय करू?" मला काही सुचलं नाही.

कायदा काय म्हणतो ते शोधलं. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं गुन्हा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्याच महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला. बाळात गंभीर दोष असेल तर मात्र परवानगी आहे. २००८ मध्ये मुंबईच्या एका जोडप्याला हायकोर्टानं नकार दिला होता, कारण तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर मेडिकल बोर्डानं मान्य केलं तर २४ आठवड्यांनंतरही चालतं.

उलटंही घडलंय. अमेरिकेत एका कर्णबधिर जोडप्यानं मुद्दाम कर्णबधिर दाता निवडला. २००२ मध्ये ते छापून आलं तेव्हा लोक खूप चिडले. निरोगी मूल निवडणाऱ्यावर कोण चिडतं?

मला गर्भपात सरसकट पाप वाटत नाही. मूल तिला वाढवायचंय, दुष्काळी माणमध्ये, नवरा कामासाठी बाहेरगावी असताना. पण आदिपर्व पुढे वाचा. दुसरा पांडू, तो फिका. तिसरा विदुर, ना आंधळा ना फिका, सगळ्यांत शहाणा. त्याला राज्य नाही, कारण आई दासी. म्हणजे 'योग्य मूल' कोणतं, हे ठरवताना सत्यवतीच्या घराची मोजपट्टी दर वेळी बदलली. बहिणीला मी हीच गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आंधळ्याला हस्तिनापुरात दासदासी होत्या, ताई."

खरं आहे तिचं.

सोमवारी रिपोर्ट आहे. ती जे ठरवेल ते ठरवेल, डॉक्टरांकडे मी सोबत जातेय. उद्याचं वाचन उशिरा येईल.