सहा लाकडी जहाजे

नुकताच संसार मांडलेला एक माणूस डोळ्यांपुढे आणा. डोक्यावर कर्ज आहे. घराला धड कुंपण नाही. अशात वाटेवर त्याची मालाची गाडी लुटली जाते. चोर गाडीवानालाही धरून नेतात. आता त्याने काय करावे? चोरांना पैसे देऊन गाडीवान सोडवावा, की राखणीला माणसे ठेवावी? खर्च दोन्हीकडे आहेच.

अमेरिकेपुढे एकदा असाच प्रश्न उभा राहिला. १७७६ साली त्या देशाने इंग्रजांची सत्ता झुगारली. १७८३ साली लढाई संपली. देश स्वतंत्र झाला, पण तिजोरी रिकामी होती. आरमाराचे शेवटचे जहाजसुद्धा १७८५ साली विकून टाकले.

त्याच वर्षी उत्तर आफ्रिकेतल्या अल्जिअर्सच्या चाच्यांनी अमेरिकेची दोन व्यापारी जहाजे पकडली. पूर्वी या जहाजांवर इंग्रजांचे निशाण असे. त्या निशाणाचा धाक असे. आता तो आधार राहिला नव्हता. १७९३ साली चाच्यांनी आणखी अकरा जहाजे धरली. शंभराहून जास्त खलाशी कैदेत पडले. त्यांना गुलामासारखे राबवीत. इकडे बायकापोरे वाट पाहत होती.

थोडी, पण चांगली

२७ मार्च १७९४ रोजी अमेरिकेत कायदा झाला. सहा युद्धजहाजे बांधायची ठरली. पण पुष्कळांचा विरोध होता. जहाजे एकदा बांधून भागत नाही, ती पोसावी लागतात, असे त्यांचे म्हणणे. ते काही खोटे नव्हते. म्हणून कायद्यात एक अट घातली: अल्जिअर्सशी तह झाला, तर काम थांबवावे.

ही जहाजे फ्रिगेट जातीची होती. फ्रिगेट म्हणजे तीन डोलकाठ्यांचे, वेगाने पळणारे, मधल्या आकाराचे लढाऊ जहाज. इंग्रजांकडे याहून मोठी जहाजे होती. त्यांवर ७४ किंवा १०० तोफा असत. तशी जहाजे बांधणे अमेरिकेला परवडणारे नव्हते.

जोशुआ हम्फ्रीज नावाचा जहाजे बांधणारा कारागीर फिलाडेल्फिया शहरात राहत होता. त्याने सरळ हिशेब मांडला. आपली जहाजे मोजकीच असणार. मग ती अशी असावीत, की दुसऱ्या कोणत्याही फ्रिगेटला भारी पडतील, आणि फार मोठे जहाज अंगावर आले तर वेगाने निसटून जातील. म्हणून त्याने जहाजे नेहमीपेक्षा लांब आणि मजबूत आखली.

लाकूड कुठून आणले?

जहाजाला माणसासारखाच कणा असतो आणि फासळ्या असतात. त्यांवर बाहेरून-आतून फळ्या ठोकतात. फासळ्यांसाठी हम्फ्रीजने सदाहरित ओक निवडला. हे झाड दक्षिणेकडे, जॉर्जिया प्रांताच्या किनाऱ्यावर वाढते. लाकूड जड आणि टणक असते. फांद्या मुळातच वाकड्या असतात.

वाकडे लाकूड कशाला, असे तुम्ही म्हणाल. गावच्या सुताराला विचारून पाहा! सरळ लाकूड कापून वाक दिला, तर रेषा मध्येच तुटतात आणि जोर पडताच ते मोडते. जन्मतः वाकलेल्या फांदीत रेषाही वाकासोबत जातात. ती मोडत नाही.

पण हे लाकूड तोडणे जिवावरचे काम होते. उत्तरेकडून कुऱ्हाडवाले पाठवले. तिथे दलदल, पाऊस आणि ताप. कित्येक आजारी पडले, काही दगावले. भाड्याने घेतलेले काळे गुलामही तिथे राबले. त्यांच्या घामाचे पैसे त्यांच्या मालकांना मिळाले. स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या देशाची ही दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे.

अर्धे काम थांबले

इतक्यात अल्जिअर्सशी तह झाला. कैदी सुटले. पण त्यासाठी सुमारे दहा लाख डॉलर मोजावे लागले. शिवाय दरवर्षी खंडणी देणे आलेच. कायद्याप्रमाणे जहाजांचे काम थांबायला हवे होते. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी तीन जहाजे तरी पुरी करू द्यावीत असा आग्रह धरला. तो मान्य झाला.

त्या तिघांपैकी 'कॉन्स्टिट्यूशन' हे जहाज बोस्टनला बांधले. या नावाचा अर्थ 'राज्यघटना'. २० सप्टेंबर १७९७ रोजी ते पाण्यात ढकलायचे होते. लोकांची गर्दी झाली. जहाज २७ फूट सरकले आणि अडून बसले! उताराला पुरेसा ढाळ नव्हता. दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला, तोही फसला. शेवटी उतार दुरुस्त करून २१ ऑक्टोबरला ते पाण्यात गेले. उरलेली तीन जहाजे १७९९ आणि १८०० साली पाण्यात उतरली.

परीक्षा

१८१२ साली अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात पुन्हा युद्ध पेटले. जुलै महिन्यात पाच इंग्रज जहाजांनी 'कॉन्स्टिट्यूशन'ला गाठले. वारा पडलेला. शिडे लोंबत होती. मग खलाशांनी काय केले? लहान नांगर होडीत घालून दूर पुढे नेला आणि पाण्यात सोडला. जहाजावरच्या माणसांनी त्याचा दोर ओढला, की जहाज पुढे सरके. मग दुसरा नांगर. ओझे कमी व्हावे म्हणून पिण्याचे पाणीही ओतून दिले. दोन दिवसांहून जास्त वेळ माणसे अशी खपली आणि जहाज निसटले.

पाठलाग करणाऱ्यांत 'गेरिअर' नावाचे फ्रिगेट होते. १९ ऑगस्टला त्याच्याशी समोरासमोर गाठ पडली. 'कॉन्स्टिट्यूशन' आकाराने मोठे होते. त्याच्या तोफाही जड होत्या. 'गेरिअर'च्या डोलकाठ्या कोसळल्या. 'कॉन्स्टिट्यूशन'वर आदळलेले काही गोळे मात्र आत न शिरता पाण्यात पडले. कारण त्याची भिंत काही ठिकाणी दीड फुटाहून जाड होती. तेव्हापासून लोक या लाकडी जहाजाला लोखंडी अंगाचे म्हणू लागले.

मुंबईशी संबंध

२९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलजवळ 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा' हे इंग्रज फ्रिगेट हरवले. 'जावा' मुंबईकडे निघाले होते. त्यावर मुंबईला मोठ्या हुद्द्यावर रुजू होणारे जनरल हिस्लॉप होते. हेच हिस्लॉप पुढे १८१७ साली महिदपूरला होळकरांच्या सैन्याशी लढले. जहाजात मुंबईच्या गोदीसाठी तांब्याचे पत्रे होते. आणि एका नव्या फ्रिगेटचे नकाशेही होते. मोडकळीला आलेले 'जावा' जाळून टाकले गेले. नकाशे गेले.

ते नकाशे पुन्हा पाठवावे लागले. मग जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कारागिरांनी मलबारी सागाचे ते फ्रिगेट बांधले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. त्याचे नाव 'त्रिंकोमाली'.

नुसते लाकूड पुरत नाही

सहा जहाजांतले 'चेसापीक' १८१३ साली इंग्रजांनी पाव तासात जिंकले. लाकूड चांगलेच होते. पण कप्तानाला जहाजावर येऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि बरेच खलाशी नवे होते. एकमेकांचा हात एकमेकांना बसला नव्हता. पुढे इंग्लंडात ते मोडले. त्याच्या लाकडातून विकम गावी पिठाची गिरणी बांधली.

'कॉन्स्टिट्यूशन' अजून बोस्टनला तरंगते आहे. मूळ लाकूड थोडेच उरले आहे. पिढ्यान्‌पिढ्या सुतार कुजलेली फळी काढून नवी बसवत आले. १९२५ साली सुरू झालेल्या वर्गणीत शाळेतल्या मुलांनीही पैसे दिले. दुरुस्तीच्या लाकडासाठी ओकची झाडे राखून ठेवली आहेत. मुंबईचे 'त्रिंकोमाली'ही इंग्लंडात हार्टलपूलला जपलेले आहे. ज्याने त्याचे नकाशे बुडवले, ते जहाजही आहे, आणि मुंबईच्या सुतारांनी बांधलेले हेही आहे.

विचार करा आणि सांगा

१. खंडणी द्यावी की जहाजे बांधावी? तुम्ही असता तर काय केले असते?
२. फासळ्यांसाठी वाकडे लाकूड का निवडले?
३. 'चेसापीक' का हरले?
४. तुमच्या गावात कोणती जुनी वस्तू सर्वांनी मिळून जपली आहे? तिच्याविषयी पाच ओळी लिहा.