प्रतिकृती-विमानाची जुळणी

तेलावर चालणारे यंत्र सुरू करण्यास बरीच खटपट पडते आणि सुरू होताच ते गर्जना करते. विजेच्या मोटारीचे तसे नाही. बॅटरी जोडलेली असली तरी ती निःशब्द असते. परंतु एका इशाऱ्यासरशी ती भरवेगाने फिरू लागते. 25 सेंटिमीटर लांबीचा प्रोपेलर मिनिटाला 10,000 फेरे घेऊ लागला, की त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 470 किलोमीटर होतो. (गणिताची आवड असणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा.) त्या पात्यापुढे बोटाची काय कथा! म्हणून रेडिओ-लहरींनी चालणाऱ्या विमानाची जुळणी करताना प्रोपेलर उतरवून ठेवतात.

मी शाळेत असताना एका विद्यार्थ्याने असे विमान तयार केले होते. प्रोपेलर उतरवण्यास सांगताच तो हिरमुसला. "गुरुजी, वेगाची दांडी अगदी तळाशी आहे. मोटार फिरेलच कशी?" असे त्याचे म्हणणे. तरी त्याने तो उतरवून टेबलावर ठेवला व बॅटरी जोडली. मोटार स्तब्ध होती. त्याने दांडी वर सरकवली. बारीक सूर तेवढा उमटला. काही बिघडले असावे असे वाटून त्याने दांडी पुन्हा तळाशी आणली मात्र, मोटार किंचाळत भरवेगाने फिरू लागली! हातातील प्रेषकात त्या दांडीची दिशाच उलटी नोंदली गेली होती : वर म्हणजे बंद, खाली म्हणजे पूर्ण वेग. बिचारा ती थांबवण्यासाठी दांडी अधिकच खाली दाबत होता. अखेर मी बॅटरी सोडवली. मग आम्ही दोघेही टेबलावरच्या प्रोपेलरकडे पाहत राहिलो.

जुळणीस बसताना वेगाची दांडी तळाशी ठेवून प्रथम प्रेषक सुरू करावा, नंतर बॅटरी जोडावी. काम संपल्यावर याच्या उलट, म्हणजे आधी बॅटरी सोडवावी. नाहीतर विमान जागे राहते आणि त्याला आज्ञा देणारा कोणी नसतो.

आता विमानाच्या मागे उभे राहा. दांडी उजवीकडे नेली, की उजव्या पंखाची झडप वर उचलली गेली पाहिजे व डाव्याची खाली. पुष्कळांना हे उलटे वाटते. परंतु वर उचललेली झडप त्या पंखाला खाली दाबते आणि विमान त्या बाजूस कलते. दांडी स्वतःकडे ओढताच शेपटीची आडवी झडप वर यावी. येथील चूक जमिनीवर निरुपद्रवी दिसते. हवेत मात्र ती सुधारण्यास अवधी मिळत नाही.

आणखी एक परीक्षा उरते. प्रोपेलर न लावताच मोटार मंद फिरवावी आणि प्रेषक बंद करावा. संदेश तुटताच मोटार थांबली, तरच जुळणी पुरी झाली असे समजावे. प्रोपेलर मैदानावर गेल्यावर, बॅटरी जोडण्यापूर्वी लावावा. त्या वेळी सोबत्याने विमान मागून घट्ट धरावे आणि पात्यांच्या समोर किंवा बाजूस कोणीही उभे राहू नये.