दहावीनंतर आयटीआय की गॅरेज?

मुलगा दहावी झाला. आता त्याला चुलत्याच्या गॅरेजवर बसवावे की आयटीआयला घालावे? नवी मुंबईतल्या आपल्या कारागीर घरांतून निकाल लागला की हा प्रश्न निघतोच. गॅरेजवर पहिल्या महिन्यापासून चार पैसे सुटतात; आयटीआयमध्ये वेल्डर, प्लंबरला एक वर्ष आणि इलेक्ट्रिशियन, फिटरला दोन वर्षे जातात. तेव्हा या शिक्षणाने रोजी लागते काय, हे हिशेबी नजरेने पाहिले पाहिजे.

नुसत्या दाखल्याने ती लागेलच असे नाही. वर्गात मुलाचा हात बसतो, ड्रॉइंग वाचता येते, मापे घेता येतात. पण चालू मशीनचा बिघाड ओळखण्याची नजर कामावरच येते. त्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. आयटीआय झालेला मुलगा साधारण एक वर्ष विद्यावेतनावर काम करतो आणि परीक्षा देऊन दुसरे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवतो. आमच्या मते हे वर्ष सर्वांत मोलाचे. आणि नेमके हेच पुष्कळ पालक सोडून देतात, कारण हातात एक कागद आला की त्यांना वाटते झाले!

दुसरी गोष्ट ट्रेड निवडण्याची. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एके काळी रसायनाच्या कारखान्यांचे राज्य होते. त्यांतले बरेच बंद झाले. त्या पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे भागांत आयटी पार्क आणि डेटा सेंटरे उभी राहिली. डेटा सेंटरला वीज आणि थंडावा चोवीस तास लागतो. तुर्भ्याच्या मार्केटमधील आपल्या फळव्यापाऱ्यांना शीतगृहाची मशीन बंद पडली तर काय होते, हे आम्ही सांगायला नको. म्हणून या भागात इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन-एसी हे ट्रेड आम्हाला भरवशाचे वाटतात. मित्राने घेतला म्हणून आपणही तोच ट्रेड घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

मग उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्याचे काय? त्याचे हुनर आयटीआयवाल्यापेक्षा सरस असू शकते. पण विजेच्या कामाला परवाना लागतो, मोठी कंपनी गेटवरच प्रमाणपत्र मागते, परदेशची नोकरी देणारा एजंटही तेच विचारतो. अशा कारागिरांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. आपल्यातले फार थोडे तिकडे वळतात.

वर्कशॉपवाल्या बंधूंसाठीही यात काही आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे ४ ते २९ माणसांच्या धंद्याला बंधन नसले तरी शिकाऊ उमेदवार घेता येतो, आणि विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार सोसते. त्यासाठी ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर दुकानाची नोंदणी करावी व मुलाशी रीतसर करार करावा. तोंडी ठेवलेल्या मुलाला वर्षअखेरच्या परीक्षेला बसता येत नाही.