कणेरीचे सिमेंटचे गाव

बीबी हे बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील शेतकऱ्यांचे गाव. तेथील शाळेच्या एका वर्गाची सहल कोल्हापूरला गेली. अंबाबाईचे दर्शन आटोपून मुले शहराजवळच्या कणेरी गावी सिद्धगिरी मठात आली. मठाने २००७ साली उघडलेल्या ग्रामजीवन संग्रहालयात काचेच्या कपाटांऐवजी उघड्यावर वसविलेले एक जुने गावच आहे. शेतकरी, बैल, कारागीर सारे सिमेंटचे, पण खऱ्याएवढे!

मोटेपाशी मुले खिळून राहिली. एकाने विचारले, “गुरुजी, मोटेला खाली सोंड असते, मग पाणी वाटेतच का सांडत नाही?”

“मोटेला दोर दोन,” गुरुजी म्हणाले. “जाड नाडा मोट ओढतो. बारीक सोंदूर सोंडेचे तोंड वर धरून ठेवतो. नाडा उंचावरील चाकावरून जातो आणि सोंदूर खाली, विहिरीच्या काठावरून. म्हणून मोट वर येताच सोंड पुढे ओढली जाते व पाणी थारोळ्यात पडते. बैलांनी मात्र दिवसभर धावेवरून उतरायचे आणि पुन्हा मागे सरत चढायचे.”

पुढे सुतार, लोहार, कुंभार असे बारा बलुतेदार होते. त्यांना रोख मजुरी नसे. सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, त्यास बलुते म्हणत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ या ग्रंथात हा व्यवहार बारकाईने मांडला आहे.

“म्हणजे सारे सुखी होते?” एका मुलीने विचारले.

गुरुजी क्षणभर थांबले. सिमेंटची माणसे दमत नाहीत, हे खरेच. “सर्व नव्हते. महारांना गावकीची व सरकारची कामे रात्री-अपरात्रीही करावी लागत. वतन नावाचे, मोबदला तुटपुंजा आणि वर अस्पृश्यतेचा जाच. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. ही वतने रद्द करणारा कायदा होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.”

मुलीने वही उघडली. कारागिरांच्या नावांपुढे तिने दोन रकाने आखले: ‘काम’ आणि ‘मोबदला’. पहिला भराभर भरला. दुसऱ्यात बऱ्याच जागा कोऱ्या राहिल्या. त्या बीबीला परतल्यावर आजोबांना विचारून भरावयाचे तिने ठरविले.