आपला तास दुसऱ्याने पाहावा

दिव्याखाली अंधार असतो, असे आपण म्हणतो. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाची स्थिती काहीशी तशीच असते. सारा वर्ग त्याला दिसतो. तो स्वतःला मात्र दिसत नाही.

मराठीत एम.ए. होऊन संशोधन करीत असतानाच मी तासिका तत्त्वावर प्रथम वर्षाला शिकवू लागलो. शाळेत शिकवायचे तर बी.एड. करावे लागते, पाठ घ्यावे लागतात, त्यांचे निरीक्षण होते. महाविद्यालयात विषयाचे ज्ञान पुरते, अशी आपली समजूत. मीही त्याच समजुतीने खडू हाती घेतला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मागचे तीन बाक रिकामे झाले आणि दोष मी मुलांना देत राहिलो.

त्याच सुमारास मराठी, इतिहास, अर्थशास्त्र व मानसशास्त्र शिकवणारे आम्ही चौघे नवशिके एकमेकांच्या तासाला बसू लागलो. कल्पना आमची नव्हे. अमेरिकेतील विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थी पदवीच्या वर्गांना शिकवतात व त्यांचे असे गट तेथे चालतात. संशोधन चारचौघांत तपासले जाते, अध्यापन मात्र बंद दाराआड एकट्याने चालते, ही विसंगती ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञाने १९९३ साली दाखवून दिली होती.

आम्ही तीन नियम केले. जे घडले तेवढेच टिपायचे, शेरा मारायचा नाही. चर्चेत ज्याचा तास त्याने आधी बोलायचे. आणि तेथले बोलणे विभागप्रमुखांपर्यंत न्यायचे नाही. हा शेवटचा नियम नसता तर, खरे सांगतो, मी कोणाला वर्गात बसूच दिले नसते. ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, त्याला आपली उणीव उघडी करणे परवडत नाही.

माझा तास उपमा व उत्प्रेक्षा यांवर होता. तो संपल्यावर अर्थशास्त्राच्या मैत्रिणीने कागद पुढे केला. “४८ मिनिटांत तू ११ प्रश्न विचारलेस. त्यांतल्या ९ प्रश्नांची उत्तरे तूच दिलीस.” मला राग आला, कारण ते खरे होते. मानसशास्त्राच्या मित्राने मग मेरी बड रो यांच्या १९७०च्या दशकातील संशोधनाची माहिती दिली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे अधिक विस्तृत येतात व एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात.

पुढच्या तासाला प्रश्न विचारून मी मनात पाच अंक मोजले. ती शांतता फार जड गेली. तेवढ्यात खिडकीजवळची, वर्षभर न बोललेली मुलगी म्हणाली, “सर, उपमेत चेहरा चंद्रासारखा असतो, उत्प्रेक्षेत तो जणू चंद्रच वाटतो.” माझ्या व्याख्येपेक्षा ते सोपे होते.

मागचा एक बाक अजून रिकामाच असतो. पण आता त्याचे कारण मी आधी माझ्यात शोधतो. ज्येष्ठ प्राध्यापकांना एकच विनंती आहे: आम्हां नवशिक्यांना कधीतरी आपल्याही तासाला मागे बसू द्यावे, आणि आपणही आमच्या तासाला यावे, परीक्षक म्हणून नव्हे, सोबती म्हणून.